चाफवड्याचं पाणी

“आन् पानी? ढोरास्नी पानी कुटं पाजनार, ते सांगा आदी.”

सुंदराबाई गाळ्याच्या दारातनं बोलली आणि आत बसलेल्या गड्यांच्या माना एकदम मागं वळल्या. कोंडीराम उकिडवा बसून जमिनीवर खडूनं वाट काढत होता. त्याचा हात तिथंच थांबला.

“कोन बोललं?” त्यानं विचारलं. बोलणारी समोर दिसत होती, तरी विचारलं.

“मी बोलले. गुणाजीची बायकू. त्या रेघंवर पानी कुटं हाय?”

“सुंदराबाय, गावकी बसलीया.”

“बसलीया ते दिसतंय की. उटंल कवा? ढोरं मेल्यावर?”

मागं कोणीतरी फिसकन हसलं आणि कोंडीरामानं बघताच गप झालं. गुणाजी, म्हणजे तिचा नवरा, भिंतीला टेकून चटईची काडी उपसत होता. त्यानं मान वर केलीच नाही.

काळाचौकीच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर नाचणखोऱ्याचा गाळा होता. गाळा म्हणजे गावाची खोली. नाचणखोऱ्याचा कुठलाही गडी मुंबईत उतरला की आधी तिथं वळकटी टाकायचा. गिरणीत चिकटवायचं तर गाळ्यानं, कोणी मेला तर खांदा द्यायचा गाळ्यानं, आणि गावाकडचं काही ठरवायचं असलं तर तेही तिथंच. कोनाड्यात गावदेवी झोळाईच्या नावानं नारळ मांडलेला. भिंतीवर लाल रंगात ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. त्या साली फाल्गुनात महाराष्ट्र होणार हे नक्की झालं होतं, आणि गाळ्यातला जो तो आपणच तो आणला अशा ऐटीत चालत होता. कोंडीरामाची ऐट खोटी नव्हती. लाठीचा वण त्याच्या भुवईवर होता आणि तुरुंगाची हवाही त्यानं खाल्ली होती. गावकीत त्याचा शब्द शेवटचा.

नाचणखोरं होतं कोयनेच्या खोऱ्यात. धरणाची भिंत चढत होती आणि गाव पाण्याखाली जाणार होतं. नवी जमीन मिळाली होती घाटाखाली, कोकणात. माणसं आणि भांडीकुंडी न्यायला ट्रक यायचे होते. गुरं मात्र चालवत न्यायची, सह्याद्री चढून आणि पलीकडं उतरून, चार-सहा दिवस रानातनं. कुठल्या वाटेनं न्यायची, हे ठरवायला गावकी बसली होती.

वाटा तीन. पहिली सडकेची, पार लांबनं वळसा घालून. तिच्यावर ना गवत ना सावली, वर मोटारी. ती कोणालाच नको होती. दुसरी धारेची. गावामागनं सरळ बोडक्या डोंगरधारेवर चढायचं, धारेनं चालत राहायचं आणि शेवटी निसणीनं खाली पडायचं. निसण म्हणजे शिडीसारखी उभी वाट. माणूस तिथं कारवीला धरून, बुडावर घसरत उतरतो. आणि तिसरी बैलवाट. नदीकाठानं वर, हिरड्याच्या रानातनं, वाटेत बारमाही झरा, मग खिंडीतनं हळूहळू खाली. जुन्या काळी मिठाचे बैल त्या वाटेनं वर यायचे.

शहाण्या माणसानं विचारसुद्धा केला नसता. पण झरा होता चाफवड्याच्या हद्दीत.

चाफवडं म्हणजे शेजारचं गाव. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराची गोष्ट. चाफवड्याच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा नाचणखोऱ्याचा, हा मान वाडवडलांपासूनचा. त्या वर्षी नाचणखोऱ्याचे गडी मुंबईहून यायला उशीर झाला, चाफवड्यानं वाट बघितली नाही आणि पालखी उचलली. झालं. काठ्या निघाल्या, डोकी फुटली. नाचणखोऱ्यानं झोळाईपुढं नारळ ठेवून शपथ घेतली, चाफवड्याचं पाणी प्यायचं नाही, त्यांच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही, लेकी द्यायच्या नाहीत, करायच्या नाहीत. चाफवड्यानंही तसलीच शपथ घेतली.

सुंदराबाई चाफवड्याची लेक. त्या आधी पाचेक वर्षं नाचणखोऱ्यात दिलेली. शपथ झाली आणि तिचं माहेर तुटलं. दोन्ही गावांच्या मधे नुसता एक ओढा आणि शिवेचा धोंडा. आई मेली तेव्हा ती मुंबईहून धावत गेली आणि त्या धोंड्याशी अडली. गुणाजी सोबत होता. पलीकडं चितेचा धूर निघताना तिनं बघितला आणि तिथनंच परत फिरली. लोक म्हणायचे, सुंदराबाईच्या जिभेला काटे त्या दिवशी फुटले. खरं म्हणजे ते आधीपासनंच होते. गिरणीत एका जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, तिच्या हाताला हात लावला म्हणून तिनं त्याच्या तोंडावर सुताची बाबीण फेकून मारली होती, आणि ती नवरी होऊन मुंबईला आल्यानंतरची पहिली दिवाळीसुद्धा तेव्हा झालेली नव्हती.

तर आता ती दारात उभी होती.

“बैलवाटंनं न्हाई जायाचं,” कोंडीराम म्हणाला. “आपन चाफवड्याचं पानी सोडलंया. आईची शपथ हाय.”

“शपथ तुमी घेतली. म्हशींनी न्हाई घेतली.”

“ढोरांचा मालक कोन? आपन. मंग ढोरांनी बी सोडलं.”

“आन् धारंवर फाल्गुन-चैतात काय पाजनार? दगडाचा घाम?”

“मुंगळ्याच्या टाक्यात पानी असतंय.”

“मकरसंक्रांतीला असतंय. आता त्यात मुंगळंच असत्याल. आन् निसनीनं म्हस उतरत न्हाई, कोंडीबा. म्हस काय माकाड हाय?”

“दोर लावून उतरवू.”

“कोन उतरवनार?” हे मात्र तिनं अगदी हळू विचारलं. “तुमी जानार हाय? ह्यातलं कोन जानार हाय?”

जाणार कोण होतं? दोन हातांचा, चालता गडी गावात राहिलाच नव्हता. सगळे इथं, गिरणीच्या साच्यावर. गावात म्हातारी माणसं, बाया आणि पोरं. गुरं हाकणार म्हाताऱ्या. त्यात सुंदराबाईची सासू. कंबरेत वाकलेली, पण चांदी नावाची तिची म्हैस दुसऱ्या कोणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. ट्रकात बसायला म्हातारीनं साफ नकार दिला होता. चांदी जिकडनं जाईल तिकडनं मी, असा तिचा निरोप आला होता.

“माजी सासू त्या निसनीवर मरंल,” सुंदराबाई म्हणाली. “तुमी हितं खडूनं रेघ वडताय आन् माजी सासू तिथं मरंल.”

“आईचं नाव घ्यून निघाल्यावर कोन मरत न्हाई.”

“आईला तहान लागत न्हाई. चांदीला लागती.”

आता कोंडीराम उठला. “बाय, लई झालं. बाईमानसानं गावकीत बोलू नये, ठावं हाय का न्हाई?”

“मोर्च्याला चला म्हनताना आसं म्हनला न्हाई कुनी. गॅसचा धूर माज्या बी डोळ्यात गेल्ता. तवा बाईमानूस चाललं.” ती उंबरा ओलांडून आत आली. “बेळगाव पायजे, कारवार पायजे, निपाणी पायजे. त्येच्यासाठी लाठ्या खाल्ल्या तुमी, मी न्हाई म्हनत न्हाई. आन् शेजारच्या गावाचा झरा तेवढा नगं.”

एवढं बोलून तिनं खडूची रेघ पायानं पुसली. सगळी नाही. निसण होती तेवढीच.

गाळ्यात असं कधी घडलं नव्हतं. दोघं-तिघं उठले. गुणाजीही उठला, बायकोचा दंड धरला आणि तिला बाहेर काढलं. पाठीमागं कोंडीरामाचा आवाज आला, “धारंनं जायाचं. ठरलं. येत्या आयतवारी निरोप घिऊन मान्सं निगतील.” आणि खडू पुन्हा जमिनीवर खरखरला.

घरी आल्यावर तिनं तवा असा आदळला की शेजारच्या खोलीतली आनंदीबाई भिंतीपलीकडनं म्हणाली, “अगं, तव्यानं काय केलंय तुझं?”

“तव्यानं काय न्हाई केलं. तवा बरा,” सुंदराबाई म्हणाली.

गुणाजी खाटेच्या कडेला बसला. गुणाजी वाईट माणूस नव्हता. पगार घरी आणायचा, दारूला शिवायचा नाही, बायकोवर हात टाकायचा नाही. फक्त गाळ्यात गेला की त्याच्या तोंडातनं जीभ कुठं जायची, कुणास ठाऊक.

“माजी आय हाय ती,” तो म्हणाला. “मला काय वाटत न्हाई व्हय?”

“मंग बोलला का न्हाई?”

“वाळीत टाकतील. उद्या मी मेलो तर खांदा कोन दील?”

“मेल्यावर खांदा पायजे तुमास्नी. जिती हाय तिची काय सोय?”

“मी काय करू ते तू सांग.”

“काय करू नगा. आजपतुर जे केलं तेच करा. भाकर खावा.”

तिनं भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि त्यानं खाल्ली. त्यानं ती खाल्ली याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी गिरणीची पाळी सुटल्यावर ती घरी न येता चिंचपोकळीला गेली. तिथं एका चाळीत चाफवड्याचा गाळा होता. त्यात राजाराम होता, तिचा चुलतभाऊ. तिच्याच गिरणीत, फक्त खातं वेगळं. एवढी वर्षं दोघं एकाच गेटातनं आत जात होते आणि नजर चुकवून बाहेर पडत होते. लहानपणी तिनं त्याला कडेवर घेऊन हिरडं वेचलं होतं.

गाळ्यात पत्त्यांचा डाव रंगला होता. ती दारात आली आणि पत्ते हातातच राहिले.

“नाचणखोऱ्याची वाट चुकली वाटतं,” एक जण म्हणाला.

“वाट चुकली न्हाई. राजाला भेटाया आलीया.”

राजाराम उठून पुढं आला. डोक्यावरचे केस गेले होते, मिशी तेवढी राहिली होती. “बोल, आक्का.”

आक्का हा शब्द ऐकून ती जरा थांबली. मग तिनं सगळं सांगितलं. धार, निसण, सासू, म्हैस. “झऱ्यावरनं ढोरं जाऊ दे आमची. येवढंच मागाया आलीया.”

“तुला कुनी धाडलं?”

“कुनी न्हाई. माजी मी आली.”

राजारामानं मागं बसलेल्यांकडं बघितलं. मग माठाशी गेला, तांब्या भरला आणि तिच्यापुढं धरला. तोंडावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत होतं. “आदी पानी पी. चाफवड्याचं पानी नाचणखोऱ्याची बाई पिती का, ते बघू समद्यांनी. मंग बोलू.”

“हे चाफवड्याचं व्हय? हे तर नळाचं हाय.”

“आमच्या गाळ्यात भरलं म्हंजी आमच्या गावाचं.”

सुंदराबाईनं तांब्या घेतला. घशाखाली राग उतरत नव्हता, त्यावर पाणी ओतलं. सगळा तांब्या प्याली आणि पालथा करून त्याच्या हातात दिला.

“प्याले. तुज्या मानासाठी न्हाई प्याले, राजा. माजी आय मेली तवा शिवंवर उभी हुते, तवा एक घोट घिऊन कुनी आलं न्हाई चाफवड्याचं. तू बी न्हाई. त्येची आठवन ठेव आन् मंग मिशीवर हात फिरव.”

राजारामाचा हात खरोखरच मिशीपर्यंत गेला होता. तो खाली आला.

“ढोरं जाऊ दे,” तो म्हणाला. “झऱ्यावर कोन आडवनार न्हाई.”

“बरं. आन् तुमची ढोरं कुटनं जानार? तुमचं बी गाव बुडतंयच की.”

ती सहज म्हणाली होती. पण गाळ्यात कोणी कोणाकडं बघेना. राजाराम मान खाजवत म्हणाला, “आमी... वाघजाईच्या कड्याखालनं.”

“कड्याखालनं? तिथनं गवं बी जात न्हाईत. बैलवाटंनं का न्हाई?”

“बैलवाट खिंडीत कुनाच्या हद्दीत जाती?”

सुंदराबाईनं कपाळाला हात लावला. बैलवाटेचा झरा चाफवड्याचा होता, पण वरची खिंड होती नाचणखोऱ्याच्या हद्दीत. अर्धी वाट यांची, अर्धी त्यांची. नाचणखोऱ्यानं पाण्यापायी धार धरली होती आणि चाफवड्यानं खिंडीपायी कडा. दोन्ही गावं एकाच पाण्यात बुडणार होती, आणि तोवर एकमेकांच्या हद्दीत पाय पडू नये म्हणून आपापल्या म्हाताऱ्या मारायला तयार होती.

“सारखंच हाय की रं तुमी,” ती म्हणाली. “रांडच्यांनो, सारखंच.”

कोणी रागावलं नाही. एकानं पत्ते पिसायला घेतले आणि न वाटताच खाली ठेवले.

गावकीचा निरोप घेऊन माणसं पोचायच्या आत तिला गावी जायचं होतं. वाइंडिंग खात्याच्या नायकिणीला, म्हणजे बायांवरच्या मुकादमणीला, तिनं सांगितलं, सासू मरणाच्या दारात आहे. नायकीण म्हणाली, खाडे धरीन. ती म्हणाली, धरा. साताऱ्यापर्यंत यष्टी, तिथनं दुसरी यष्टी आणि पुढं चालत. गावात शिरली तेव्हा अर्ध्या घरांची कौलं उतरवलेली होती आणि भिंती तेवढ्या उभ्या होत्या. सासू अंगणात चांदीच्या गळ्यात नवी दोरी वळून घालत होती.

“आलीस?” म्हातारी म्हणाली. “कशापायी आलीस? खाडं पडलं असत्याल.”

सुंदराबाई पायरीवर बसली आणि एका दमात बोलत सुटली. कोंडीरामाचा निरोप येतोय, धारेनं जा म्हणून. जायचं नाही. बैलवाटेनं जायचं. चाफवड्याकडनं मी शब्द आणलाय, झऱ्यावर कोणी अडवणार नाही. मी पाणी प्यालेय त्यांचं. मला वाळीत टाकतील, टाकू देत.

म्हातारीनं दोरीला गाठ मारली, ओढून बघितली.

“बैलवाटंनंच चाललोय की.”

“म्हंजी?”

“म्हंजी काय? निसनीनं म्हस उतरती व्हय? कोंडीरामचा निरोप आला तर व्हय म्हनू. त्यो मनीआर्डर धाडतो बाबा, त्येला न्हाई कशाला म्हना? जायाचं तिकडनंच जानार.”

“आन् पानी? चाफवड्याचं?”

“आगं, उन्हाळ्यात आपल्या हिरीला पानी असतंय का? झऱ्याचंच पितोय की. कवाधरनं. चाफवड्याच्या बाया बी आपल्या खिंडीतनं लाकडं नेत्यात. बाप्ये दिवाळीला, शिमग्याला येत्यात, तेवढे दिस आपलं लांबनं बघायचं. ते गेले की हायच.”

सुंदराबाई उठून उभी राहिली.

“आत्ती, माजी आय मेली तवा?”

म्हातारीनं वर बघितलं.

“तवा बी पीत हुता तुमी झऱ्याचं?”

“पीत हुतो.”

“आन् मला शिवंवर उभी केली. पाच पावलांवर. धूर बघाया.”

“गुणाजी हुता की गं संगं.”

“मंग?”

“मंग काय? बाप्या हुता. त्यो गाळ्यात जाऊन सांगनार. कळलं आसतं तर समद्या घरांवर दंड. म्हून गप ऱ्हायलो.”

“मला बी न्हाई सांगितलं. इतक्या वर्सात एका बाईनं न्हाई सांगितलं.”

“तू बी मुंबईची,” सासू म्हणाली. तिनं ते वाईट वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. पाऊस आला असं सांगावं, तसं सांगितलं. “मुंबईची मान्सं ठरवून येत्यात. इचारतंय कोन आमास्नी? तू तरी इचारलंस कवा?”

सुंदराबाईनं अंगणातली रिकामी घागर उचलली आणि भिंतीवर आपटली. चांदी बिचकली, दोरीला हिसका बसला आणि म्हातारी चार शिव्या हासडून म्हशीला चुचकारायला लागली. घागरीला पोचा पडला. घागर मुंबईला जायची नव्हती, ट्रकात जायची होती, तेव्हा तशीच पोचा पडलेली कोकणात गेली आणि मग तिच्यात पाणी कधी नीट मावलं नाही.

माणसं निरोप घेऊन आली. म्हाताऱ्यांनी व्हय म्हटलं. माणसं सडकेनं परत गेली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना नाचणखोऱ्याची गुरं बैलवाटेला लागली.

झऱ्याशी चाफवड्याची गुरं थांबलेलीच होती. ठरवलेलं कोणी नव्हतं, किंवा फार आधी ठरलेलं होतं आणि सुंदराबाईला ते ठाऊक नव्हतं. दोन गावांची जनावरं एकमेकांत घुसून प्यायली. कोंडीरामाची आई, गळ्यात झोळाईचा टाक बांधलेली, चाफवड्याच्या एका म्हातारीच्या तंबाखूतनं चिमूट काढत म्हणाली, “तुजा तंबाकू पैल्यागत न्हाई ऱ्हायला.” पहिल्यासारखा. म्हणजे पहिल्यापासनंच.

सुंदराबाई कोणाशी बोलली नाही. रानातल्या सगळ्या मुक्कामांत ती गुरांच्या मागं चालली, काठी आपटत. रात्री अस्वल येऊ नये म्हणून पेटवलेल्या जाळाशी बाया गोळा व्हायच्या, ती बाहेर बसायची. खिंडीत एक वासरू पाय मोडून पडलं, ते तिनं आणि चाफवड्याच्या दोन बायांनी मिळून बांबूला बांधून उतरवलं. तेव्हाही ती फक्त ‘वड’ आणि ‘थांब’ एवढंच बोलली. सासू मात्र उतारावर कंबरेत वाकून, चांदीच्या शेपटीला धरून, घरच्या परड्यात चालावी तशी चालत होती.

घाट उतरला. नव्या जागेवर चार खांब उभे होते, छप्पर नव्हतं आणि अंगाला कोकणाचा घाम चिकटत होता. म्हातारीनं चांदीला खांबाला बांधलं, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, “हितं चुलीला लाकडं कुटनं आनायची?” सुंदराबाईनं मुंबईचा रस्ता धरला. जाताना सासूच्या पाया पडली. सासू म्हणाली, “रागावलीयास?” ती म्हणाली, “व्हय.” सासू म्हणाली, “आसू दी.”

मुंबईत बातमी तिच्या आधी पोचली होती. चिंचपोकळीचा तांब्या काळाचौकीत यायला वेळ तो किती. गावकी बसली. या वेळी तिला आत बोलावलं होतं.

“पानी प्याली का न्हाई?” कोंडीरामानं विचारलं.

“प्याले.”

“ढोरं बैलवाटंनं नेलीस?”

“ढोरं पोचली. सासू पोचली. तुमची आय बी पोचली, पायात काटा मोडला न्हाई.”

“इचारलं तेवढं सांग.”

“टाका वाळीत. कशाला येळ घालवता? पन गावाकडच्या बाया एवढी वर्सं उन्हाळ्याचं कुनाचं पानी पित्यात, ते येकदा इचारून या. एकट्या सुंदराबायला टाकून हुनार न्हाई.”

कोंडीरामाच्या भुवईवरचा वण लाल झाला. त्यानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर गावकीत विचारलं असं झालं असतं, आणि मग उत्तर सगळ्यांनी ऐकलं असतं. तो म्हणाला, “गुणाजीचं घर वाळीत.” सगळ्यांनी माना डोलावल्या. गुणाजी आत येताना दाराशीच बसला होता, तो तिथनंच उठून गेला.

त्या दिवसापासनं नळावर तिच्याशी कोणी बोलेना. आनंदीबाई तेवढी बोलायची, पण ती कुलाबा जिल्ह्यातली, तिला नाचणखोऱ्याची शपथ नव्हती. गुणाजी घरी मुका होताच, आता त्याला तसं कारण मिळालं.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळ दिव्यांनी उजळली. लेझीम झाली, गुलाल उडाला, गाळ्यातल्या गड्यांनी प्रत्येक दारात पेढा दिला. सुंदराबाईच्या दारापाशी येऊन ताट पुढं गेलं. ती दारातच उभी होती, हलली नाही. मोर्च्यातला धूर खाल्लेले तेच डोळे, पण पेढ्याची गरज नसल्यासारखी ती ताटाकडं बघत राहिली. ताट नेणाऱ्या गड्यालाच घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्या पाळीला निघाली, तर जिन्याच्या वळणावर कोंडीराम उभा. एकटाच. हातात कागदाची पुडी.

“घे,” तो म्हणाला. “पेडा हाय.”

“गावकीचा का तुमचा?”

“माजा.”

“मंग वरती, लोकांच्या देखत द्या की.”

पुडी पुढं धरलेलीच होती. मग खाली बघत त्यानं, जिन्याच्या पायरीला विचारावं तसं विचारलं, “आमची आय बी?”

सुंदराबाईनं त्याच्याकडं बघितलं. लाठी खाल्लेला, तुरुंगात जाऊन आलेला, भला थोरला गडी. उत्तर तिच्या जिभेवर होतं. तंबाखूच्या चिमटीसकट होतं. ते तोंडावर फेकावं असं तिला फार वाटलं. तिच्या आईच्या धुराएवढं वाटलं.

“तुमची आय हाय,” ती म्हणाली. “तुमी इचारा. इचारायचं शिका आदी.”

त्याच्या अंगाला अंग न लावता ती भिंतीकडनं खाली उतरली. पुडी त्याच्या हातातच राहिली.

खात्यात नायकिणीनं तिच्या खाड्यांवरनं तोंड सुरू केलंच होतं. सुंदराबाईनं पदर खोचला, कानाला फडकं बांधलं आणि आपल्या जागेवर उभी राहिली. आधीच्या पाळीच्या बाईनं तुटलेली सुतं तशीच सोडून दिली होती. तिनं एक शिवी घातली, पहिलं टोक शोधलं आणि गाठ मारली.